तिरकी कापलेली तोटी

आमच्या एमआयडीसीची वीज शुक्रवारी बंद असायची, म्हणून आमची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी मांजर्लीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा फारसं कोणी नसायचं. पप्पा कारखान्यात, आई दवाखान्यात कामाला, शेजारचे आपापल्या ऑफिसांत. मी गॅलरीत उभी राहून खालचं रिकामं पार्किंग बघायचे. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं. आणि रविवारी, बिल्डिंगमध्ये सगळी दारं उघडी असताना, कुणाकडे मटण शिजत असताना, मी डबा घेऊन शेअर रिक्षात बसलेली असायचे. बदलापूरहून आनंदनगरच्या एमआयडीसीला जाणारा रस्ता रविवारी मोकळा असतो. माझ्या वयाच्या मुली त्या रस्त्याने उलट्या दिशेला, नटूनथटून चाललेल्या दिसायच्या.

मी एका सिरॅमिकच्या कारखान्यात चाकावर होते. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. एका टोकाला माती दळून कालवायचा ड्रम, मग साच्यांची मांडणी, मधोमध फिनिशिंगचं टेबल, शेवटी गॅसची भट्टी. लोखंडी जिन्याने वर गेलं की काचेचं ऑफिस. कारखान्याचा मालक उल्हासनगरचा. तिथल्या बाजारात त्याच्या वडिलांचं कपबशांचं दुकान होतं, आणि दुसऱ्यांचे कप विकून कंटाळलो म्हणून आपले करायला लागलो, असं तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. मी काहीच म्हणायचे नाही. समोर जाऊन उभी राहायचे.

कप, मग, वाडगे, सगळं साच्यातून निघायचं. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतायची, साचा पाणी ओढून घेतो, आत मातीचा थर धरतो, उरलेली ओतून टाकायची. चाकाचं काम फक्त नमुन्यांपुरतं. गिऱ्हाइकाने चित्र पाठवलं की मी ती वस्तू चाकावर घडवायची, ती पसंत पडली की तिचा साचा व्हायचा. नमुने नसतील तेव्हा मी थोडे हातचे मग करायचे, तेही विकले जायचे. चाक माझं एकटीचं होतं. भिंतीला लागून, खिडकीखाली, सगळ्यांकडे पाठ करून. वीज गेली की फिरतं भांडं हळूहळू थांबायचं आणि मी ओले हात तसेच धरून बसून राहायचे. वीज तेव्हा फार जायची.

मुंबईत मी सिरॅमिकचा डिप्लोमा केला होता. घरी सिरॅमिक म्हणजे टाइल्सची कंपनी असं वाटलं होतं, आणि मीही तो समज लवकर दूर केला नाही. पहिल्या नोकरीचे पहिले काही दिवस पप्पांना वाटत होतं की मी कुठल्या तरी टेबलाशी बसते. मग एकदा आईने माझे कपडे धुताना बादलीच्या तळाशी साचलेली माती त्यांना दाखवली.

पप्पा ओरडले नाहीत. ते ओरडत नाहीत. "एवढं इंग्लिश मिडियम केलं," एवढंच म्हणाले.

मला त्यांचं कळत होतं. आजोबांनी गावात वाट्याला आलेलं काम सोडलं आणि शहरात आले. पप्पा सरकारी कारखान्यात मशिनवर लागले. मग मी टेबलाशी बसणार, हे आमच्या घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. घरात भिंतीवर तसबीर आहे, तिच्यातल्या माणसाच्या हातात पुस्तक आहे. माझी शाळेची फी भरताना आईपप्पांनी काय काय केलं ते मी पाहिलं होतं. माझ्या वर्गातल्या मुली कॉल सेंटरला लागल्या होत्या, त्यांना न्यायला गाडी यायची. फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. चाकावर बोलावं लागत नाही. हे कारण मी पप्पांना कधी सांगितलं नाही, कारण ते ऐकून त्यांना वाटलं असतं की शाळेने आपल्याला फसवलं.

फिनिशिंगच्या टेबलावर बायका होत्या. साच्यातून निघालेल्या वस्तूंची शिवण खरवडायची, ओल्या स्पंजने पुसायचं, कपांना कान लावायचे, ही त्यांची कामं. त्यांच्यात एक मावशी होती, जवळच्याच गावातली आगरी. हसली की सगळं टेबल हसायचं. जिथे आमची भट्टी होती तिथे कधी काळी त्यांची भाताची जमीन होती, आणि ती हे अगदी सहज सांगायची, जसं कुणी सांगावं की हे माझ्या मावसभावाचं दुकान.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "नाव काय गो तुजा?"

मी सांगितलं.

"न आडनाव?"

आडनाव विचारलं की मी सावध होते. शाळेत इंग्लिशमध्ये विचारायचे तेव्हाही व्हायचे. मी पुन्हा नुसतं नावच सांगितलं, थोडं हळू. मावशी "बरा" म्हणाली आणि कपाचा कान लावायला लागली. दुसऱ्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले.

दुपारी त्या प्लास्टरच्या गोण्या अंथरून गोल बसायच्या. डबे मधे ठेवायच्या, एकमेकींचं खायच्या. सुक्या बोंबलांचा वास शेडभर पसरायचा. मी चाकाजवळच खायचे, गुडघ्यावर पुस्तक ठेवून. मला बोलावलं नाही असं नाही. सुरुवातीला मावशीने हाक मारली होती, "मॅडम, येता का?" आणि मी "नको, मी इथेच" म्हणाले होते. मग तिने विचारणं सोडून दिलं. आडनावामुळे, पुस्तकामुळे, की मी "नको" म्हणाले त्या आवाजामुळे, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. बहुतेक दिवस मी सकाळी "चाक चालू करते" आणि संध्याकाळी "निघते" एवढंच बोललेली असायचे, आणि दोन्ही वाक्यं कुणाला उद्देशून नसायची.

शेठला माझ्या इंग्लिशचा शोध उशिरा लागला. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा मेल आला होता, त्याला तो कळेना. त्याने मला वर बोलावलं. मी वाचून सांगितलं आणि त्याच्या सांगण्यावरून उत्तर टाइप केलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"अरे बेटा, तू नीचे मिट्टी में क्या कर रही है? ऊपर बैठ ना. एसी है."

"नीचे सँपल बाकी हैं," मी म्हणाले.

"सँपल का क्या है. चक्का तो बंद ही करना है मेरे को. जगह खाता है."

मी तिथेच उभी राहिले, निघाले नाही, त्यामुळे त्याला माझ्याकडे पुन्हा बघावं लागलं.

त्या मेलमध्ये चहाच्या किटलीची चौकशी होती. जाड, दगडी मातीची, बोटांच्या रेषा दिसणारी किटली. आधी छोटा लॉट, आवडला तर मोठा. शेठ खुर्चीत मागे रेलला. "चल, ऐसा करते हैं. ये छोटा लॉट तू चक्के पे बना. अच्छा निकला तो चक्का रहेगा, तू भी रहेगी उस पे. नहीं निकला, तो ऊपर आ के मेरे मेल देखेगी. ठीक है?"

मी मान हलवली. जिना उतरताना मला आनंद झाला होता.

किटली म्हणजे भांड्यांतलं सगळ्यात त्रासाचं काम. पोट वेगळं घडवायचं, झाकण वेगळं, तोटी वेगळी. तोटी म्हणजे चाकावर केलेली अरुंद निमुळती नळी. ती थोडी सुकली की पोटाला चिकटवायची, आणि तिचं तोंड तारेने कापायचं, म्हणजे चहा नीट धारेत पडतो. मी दिवसच्या दिवस त्यात होते. तोंडं मी सरळ कापली, कोर्समध्ये शिकवलं होतं तशी. पहिल्या भट्टीतून, जिला आम्ही बिस्किट म्हणतो, सगळ्या छान आल्या. मग ग्लेझचा काचेसारखा लेप लावून वरच्या, आणखी जास्त तापाला गेल्या.

भट्टी उघडली तेव्हा मी पुढे होते. पहिली किटली उचलली आणि वाटलं, माझी मान वाकडी आहे. तोटीचं तोंड उजवीकडे कललं होतं. दुसरीचंही. बायका मागून बघत होत्या.

"अगं बाय," मावशी म्हणाली, "सगल्या रुसून बसल्यान."

टेबल हसलं. मीही हसायला हवं होतं. मी किटल्या फळीवर ठेवत राहिले, आणि ठेवता ठेवता लक्षात आलं की सगळ्या एकाच बाजूला कलल्यात. हाताची चूक असती तर एक इकडे, एक तिकडे गेली असती. इथे सगळ्या जणू कुणीतरी हाक मारल्यासारख्या एकीकडेच बघत होत्या. मी त्या संध्याकाळी उशिरापर्यंत फळीसमोर उभी होते. चाक एकाच दिशेने फिरतं. नळी वर ओढताना मातीला पीळ बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही, बिस्किटमध्येही दिसत नाही. पण वरच्या तापाला माती मऊ होते तेव्हा तो पीळ हालतो आणि तोंड वळतं. कोर्सच्या लाल मातीला एवढा ताप कधी द्यावाच लागला नव्हता.

मग तोंड आधीच उलट्या बाजूला तिरकं कापायला हवं. किती, ते करून बघण्याशिवाय मार्ग नव्हता. शेठकडे आणखी एक भट्टी मागितली. त्याने हात जोडले आणि "आखिरी," म्हणाला.

त्या रात्री जेवताना मी पप्पांना हे सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. भाकरीच्या तुकड्याची नळी करून दाखवली. पप्पा आधी ताटातच बघत होते, मग त्यांचा हात थांबला.

"आमच्याकडे रॉड वाकवला की सोडल्यावर थोडा परत येतो," ते म्हणाले. "म्हणून जरा जास्तच वाकवायचा."

"हां, तसंच. पण माती लगेच नाही करत. भट्टीत गेल्यावर करते."

"मग किती जास्त घ्यायचा ते कसं कळतं?"

"वेगवेगळं कापून बघणार."

"प्रत्येकीवर खूण कर. नाही तर नंतर गोंधळ होईल."

आई म्हणाली, "दोघं जेवा आधी." त्यानंतरचे काही दिवस मी घरी आले की पप्पा विचारायचे काही नाहीत, पण टीव्हीचा आवाज कमी करायचे, आणि मी सांगायचे.

त्या जादा भट्टीतून निम्म्या किटल्या सरळ निघाल्या, आणि खुणा बघून कळलं की तोंड नेमकं किती तिरकं कापायचं. पुढचा सगळा लॉट मी तसाच कापला. कच्च्या असताना फळीवर त्या विचित्र दिसायच्या, रांगेने तोंडं वाकडी करून बसलेल्या. बायकांना त्याची मोठी गंमत वाटायची. भट्टीतून त्या सरळ होऊन यायच्या तेव्हा मावशी म्हणायची, "भट्टीन गेल्यावर सगल्यांची मान सरल व्हते. आमच्या घरच्या मालकाला पन टाकाया पायजे."

मी तेव्हा वळून हसले होते. तिने पाहिलं की नाही कुणास ठाऊक.

लॉट गेला, आणि गिऱ्हाइकाचा मेल आला की आवडला, मोठी ऑर्डर देतो. तो मेल मीच वाचून दाखवला. शेठने टेबलावर थाप मारली, खाली सगळ्यांसाठी समोसे मागवले. मला वाटलं आता विचारायला हरकत नाही.

"तो चक्का..."

"हां हां, चक्का," तो म्हणाला. "लेकिन बेटा, इतना माल चक्के पे कब बनेगा? सोच. साँचा बनवाते हैं. उंगली की लकीरें साँचे में भी आ जाती हैं. तू दो-चार दिन ऊपर बैठ, ये लोगों के मेल निपटा. फिर देखते हैं."

त्याने शब्द मोडला असं म्हणता येत नव्हतं. लॉट चांगला निघाला होता म्हणूनच चाकाची गरज संपली होती. मी त्याला हे म्हणू शकले असते. इंग्लिशमध्ये वाक्य तयारही होतं माझ्याकडे. पण त्याला इंग्लिश येत नव्हतं, आणि हिंदीत मला भांडता येत नाही. मी वर बसले.

वरून काचेतून सगळी शेड दिसायची, आवाज मात्र पोचायचा नाही. बायकांची तोंडं हलताना दिसायची, हसून एकमेकींच्या अंगावर पडताना दिसायच्या. खाली पाठ करून बसायचे तेव्हा मला त्यांचं सगळं ऐकू यायचं. तेवढी सोबत होती असं मी तोवर कधी म्हटलं नव्हतं. माझ्या चाकावर कुणीतरी रिकाम्या गोण्या ठेवल्या होत्या.

साचे करणारे एक काका होते, फार न बोलणारे. माती दळायच्या ड्रमजवळ वर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं. साचा करायला कच्चीच किटली लागते. भाजलेली आटून लहान झालेली असते, तिचा साचा केला तर पुढचा माल आणखी लहान येतो. काकांनी म्हणून फळीवर उरलेल्या कच्च्या किटल्यांतली एक उचलली आणि तिच्यावर साचा बांधला. पोटाचा एक, तोटीचा एक. अगदी बरोबर, रीतीप्रमाणे. मी वर गिऱ्हाइकाला खोक्यांची मापं कळवत होते.

मोठ्या लॉटची पहिली भट्टी उघडली तेव्हा मी वरून शेठला दोन्ही हात डोक्याला लावताना पाहिलं. मी खाली आले.

फळ्यांवर किटल्या होत्या, आणि सगळ्यांची तोंडं डावीकडे तिरकी होती. मी जेवढी कापली होती तेवढीच. मला बघताक्षणी कळलं. साच्यात ओतलेल्या मातीला पीळ नसतोच. ती कुणी फिरवलेली नसते. भट्टीत तिला सरळ व्हायचं कारण नव्हतं, म्हणून ती होती तशीच राहिली. मी चाकाच्या मातीसाठी मुद्दाम केलेली चूक साच्याने इमानेइतबारे उतरवून घेतली होती.

शेठ टेबलासमोर उभा राहून बोलत होता. "किसने चिपकाया ये? टेढ़ा चिपकाया है सब! आँख नहीं है क्या?"

मावशीच्या हातात स्पंज होता. "शेट, वाकडा नाय चिपकवला आमी. साच्यातशीच तशी आली."

"और तुमने वैसे ही जाने दी?"

"अवो मॅडमच्या किटल्या पन वाकड्याच जायच्या भट्टीन, न सरल यायच्या. आमाला वाटला भट्टीच करते सरल."

बाकीच्या बायका खाली बघत होत्या. शेठ हसला, पण ते हसणं वाईट होतं. "भट्टी करती है! सुना?" मग माझ्याकडे वळला. "बेटा, तेरा हाथ ही ठीक था. साँचे का झंझट ही बंद करते हैं. तू वापस चक्के पे बैठ, गिराक को बोल टाइम लगेगा. और इस टेबल पे इतने लोग नहीं चाहिए मेरे को. जिसका हाथ टेढ़ा है, वो कल से नहीं आएगा."

तो मावशीकडे बघून हे म्हणाला.

मला हवं होतं ते सगळं त्या एका दमात माझ्या पुढ्यात येऊन पडलं होतं. चाक, खिडकी, भिंतीकडचं तोंड. त्यासाठी मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं हे एकच काम मला लहानपणापासून उत्तम येतं. मी चाकाकडे पाहिलं. गोण्यांची माती त्याच्यावर सांडली होती. शेठचा हात अजून हवेतच होता.

"चिपकाने में गलती नहीं है," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हणाले, आणि या वेळी तो नको एवढा मोठा आला. काकांनीही मान वर केली.

"साँचा टेढ़ी वाली से बना है. मैंने जान के टेढ़ी काटी थी. चक्के की मिट्टी घूमती है. साँचे की नहीं घूमती." पुढे हिंदी सुचेना. मी साच्यातून नुकती निघालेली, अजून ओली तोटी उचलली, टेबलावरची तार घेतली आणि तोंड सरळ कापलं. मग दुसरी कापली. मावशीने तिसरी माझ्यापुढे सरकवली, मी म्हणाले, "तुम्ही कापा. अशीच. सरळ." तिने कापली. तिची माझ्यापेक्षा साफ आली.

"बस? इतना ही?" शेठ म्हणाला.

"इतना ही."

"फिर तो साँचा चलेगा!"

"चलेगा," मी म्हणाले.

त्याचा चेहरा उजळला. मावशीला कामावरून काढायचं तो तिथल्या तिथे विसरला, जितक्या सहज म्हणाला होता तितक्याच सहज. काकांना हातवारे करून समजावायला गेला. टेबलाशी मी आणि बायका उरलो. मावशीने तोटीचा कापलेला तुकडा बोटांनी कुस्करून मातीच्या गोळ्यात परत घातला.

"ह्या आदी बोलाचा ना गो," ती म्हणाली. चिडून नाही, घरातल्या पोरीला म्हणावं तसं.

"मी वर होते," मी म्हणाले.

"हां, ती पन गोष्ट हाय."

मला आणखी काहीतरी बोलायचं होतं. की मला वर बसायचं नाही, की इथे खालीच बरं वाटतं, की तिच्या नवऱ्याच्या मानेचा विनोद मला आवडला होता. शब्द जुळेपर्यंत कुणीतरी पाण्याची बादली मागितली आणि त्या कामाला लागल्या. दुपारी गोण्या अंथरल्या गेल्या. मी जिन्याच्या पायरीवर थोडी रेंगाळले. मावशीने वर पाहिलं आणि सरकून जागा केली नाही, पण "मॅडम, जेवला का?" असं विचारलं. "हो," मी म्हणाले. जेवले नव्हते.

पुढच्या भट्टीतून किटल्या सरळ आल्या. ऑर्डर वेळेत गेली. चाक मागच्या शेडमध्ये हलवलं, "सँपल के लिए," शेठ म्हणाला, आणि नमुन्यांसाठी मी अधूनमधून तिथे जायचे. पण आता गिऱ्हाइकं साच्यातल्याच वस्तूंत थोडा फेरफार मागायची, ते काका पटाशीने प्लास्टर तासून करायचे. माझी जागा वर झाली. मी धुतलेले, इस्त्रीचे कपडे घालून जायला लागले. आईने शेजारी सांगितलं. पप्पा स्टेशनजवळून पेढे घेऊन आले आणि तसबिरीपुढे ठेवले, मग मला दिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पेढा खाल्ला. त्यांना एवढं खूश मी दहावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं, आणि ते बघताना माझ्या मनात जे चाललं होतं ते सांगायला त्या खोलीत कुणी नव्हतं.

मेल येत होते, मी उत्तरं देत होते. फोनही घ्यायला शिकले. वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. माणूस दिसत नसला की मी बऱ्यापैकी बोलू शकते, हे मला वर बसून कळलं.

एका रविवारी कामावरून आले. जेवताना पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"काय झालं त्या किटल्यांचं?"

"गेल्या. दुसरी ऑर्डर पण आली."

"मग?"

"मग काय. खोकी मोजली, मेल केला."

त्यांनी भाकरी मोडली. टीव्हीवर कुणीतरी आवाजाशिवाय नाचत होतं.

"हल्ली तू काही सांगत नाहीस."

"सांगण्यासारखं नसतं, पप्पा."

"आधी सांगायचीस. ते पीळ, ताप, काय काय."

"तुम्हाला ते काम आवडायचं नाही."

"नव्हतंच आवडत," ते म्हणाले. ताटातच बघत होते. "तू सांगायचीस ते आवडायचं."

आईने माझ्या ताटात भाजी वाढली. पप्पांनी रिमोट उचलला, आवाज वाढवायला नाही, टीव्ही बंद करायला. मग आम्ही तिघं तसेच जेवलो. खालून कुणाच्या तरी घरातली हसण्याखिदळण्याची गडबड वर येत होती.